ट्रकतळ किती भरतो, हे नेमकं मोजायचं कसं?

१२ जुलै २०२३ची मध्यरात्र उलटून गेली होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, हायलँड गावाजवळच्या महामार्गावर एक प्रवासी बस तीन ट्रकवर आदळली. हे ट्रक विश्रांतीस्थळाकडे वळणाऱ्या रॅम्पच्या, म्हणजे जोडरस्त्याच्या, कडेला लावलेले होते. बसमधले तिघे जण दगावले.

अशा अपघातानंतर पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की ट्रक तिथे उभेच का होते? उत्तर द्यायचं तर त्या रात्री, त्या तासाला आतल्या किती जागा रिकाम्या होत्या हे माहीत असावं लागतं. आसपासच्या दुसऱ्या तळांवर जागा होती का, तिथे जागा असल्याचं ड्रायव्हरला कळायची काही सोय होती का, हेही कळावं लागतं. ऐकायला हे सोपं वाटतं. जागा मोजायच्या, गाड्या मोजायच्या, भागाकार करायचा. प्रत्यक्षात हा भागाकार इतक्या सहज चुकतो की रात्रभर ओसंडून वाहणारा तळ कागदावर "पुरेसा" ठरतो.

ट्रकला थांबावंच का लागतं?

ड्रायव्हरला वाटेल तेव्हा ट्रक थांबतो, अशी आपली समजूत असते. पण बऱ्याच देशांत ट्रकने कधी थांबायचं हे कायदा ठरवतो. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा १० तास चालतात, आणि रोजची विश्रांती साधारणपणे सलग ११ तासांची. अमेरिकेत सलग १० तास सुट्टी झाल्यावर पुढच्या १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. पूर्वी हे तास ड्रायव्हर कागदी वहीत लिहायचा आणि थोडंफार इकडचं तिकडे करता यायचं. डिसेंबर २०१७ पासून तिथल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये इंजिनाला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचं झालं, आणि मिनिटामिनिटाचा हिशेब लागू लागला.

नियम योग्यच आहे. ३५-४० टनांची गाडी पेंगुळलेल्या माणसाच्या हाती नसावी, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण नियम कधी थांबायचं ते सांगतो, कुठे थांबायचं ते सांगत नाही. तास संपत आलेत आणि समोरचा तळ भरलेला आहे, अशा वेळी ड्रायव्हरपुढे दोनच रस्ते उरतात. नियम मोडून पुढे जायचं, नाहीतर रॅम्पवर, रस्त्याच्या कडेला, एखाद्या ओसाड आवारात गाडी लावून झोपायचं. दोन्ही धोक्याचे. २००९ साली जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर माल पोहोचवायच्या वेळेआधी आला, जवळपास सुरक्षित जागा न मिळाल्याने त्याने एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावला आणि तिथेच लूटमारीत त्याचा खून झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'जेसन्स लॉ' २०१२ साली अमेरिकेत मंजूर झाला. या कायद्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने सरकारला नुसता पैसा खर्च करायला सांगितलं नाही, तर आधी प्रत्येक राज्यात ट्रकसाठी किती जागा आहे आणि ती पुरते का, हे मोजायला लावलं.

"इतके टक्के भरलेला" म्हणजे काय?

मोजणीच्या भाषेत एक शब्द सारखा येतो: ऑक्युपन्सी. एका ठरावीक क्षणी तळावर असलेल्या एकूण जागांपैकी किती व्यापलेल्या आहेत, त्याची टक्केवारी. ५० जागा, ४० ट्रक, तर ऑक्युपन्सी ८० टक्के.

या व्याख्येत दोन फटी आहेत. पहिली "एकूण जागा" या शब्दांत. आखलेल्या पट्ट्या मोजायच्या, की प्रत्यक्षात मावतात तितके ट्रक? जुने तळ आखले गेले तेव्हाच्या गाड्या आजच्यापेक्षा आखूड होत्या, त्यामुळे एक लांब ट्रेलर दोन जागांवर आडवा पसरतो आणि ५० जागांच्या तळावर ४५ गाड्यांतच पाऊल ठेवायला जागा राहत नाही. उलट रात्री उशिरा आलेले ड्रायव्हर गाड्यांच्या मधल्या वाटेवर, कुंपणालगत, बाहेर पडायच्या लेनमध्ये ट्रक लावतात. मग ५० जागांवर ६२ ट्रक उभे दिसतात. ऑक्युपन्सी १२४ टक्के.

शंभराच्या वर गेलेला आकडा चूक नसतो, तीच खरी बातमी असते. जर्मनीत २०१८ साली महामार्गांवरच्या आणि त्यालगतच्या तळांवर रात्रीच्या वेळी देशभर मोजणी झाली. जागा होत्या सुमारे ७१ हजार, उभे ट्रक निघाले सुमारे ९४ हजार. वरचे २३ हजार ट्रक कुठे होते? प्रवेशाच्या आणि बाहेर पडायच्या वाटांवर, मोटारींच्या जागांत, कडेच्या पट्ट्यांवर. मोजणाऱ्यांनी फक्त आखलेल्या चौकटींत पाहिलं असतं तर अहवालात "सर्व जागा वापरात" एवढंच आलं असतं आणि २३ हजार माणसं त्यातून गायब झाली असती.

दुसरी फट "एका क्षणी" या शब्दांत आहे. तिचा घोळ मोठा आहे.

पण दिवसा तर अर्धा तळ रिकामाच दिसतो!

ही हरकत नेहमी येते, आणि ती खोटी नाही. दुपारी दोनला महामार्गावरून जाणाऱ्या कोणालाही ट्रकतळ ओस पडलेला दिसतो. एवढी जागा वाया जात असताना नवीन कशाला, असा प्रश्न मग साहजिकच पडतो.

समजा, ५० जागांचा एक तळ आहे. सकाळी सहा ते रात्री आठ, म्हणजे १४ तास, तिथे सरासरी १५ ट्रक असतात. रात्री आठ ते सकाळी सहा हे १० तास ६२ ट्रक. आता कोणी चोवीस तासांची सरासरी काढली आणि मोजणी ५० वरच थांबवली, कारण जागाच तेवढ्या, तर उत्तर येतं ५९ टक्के. बातमी काय होईल? "ट्रकतळाची ४१ टक्के क्षमता विनावापर." त्याच तळाची रात्रीची ऑक्युपन्सी १२४ टक्के आहे. दोन्ही आकडे एकाच तळाचे, पण ५९ वर विसंबून कोणी निधी नाकारला तर ते रात्री तिथे येणाऱ्या ड्रायव्हरांवर अन्याय करणारं ठरेल. दुपारी रिकामी असलेली जागा रात्री अकरा वाजता कोणाच्या उपयोगाची नसते. झोप साठवून ठेवता येत नाही.

म्हणून जाणकार सरासरीला फार महत्त्व देत नाहीत. ते विचारतात: सगळ्यात जास्त गर्दीच्या तासाला काय असतं, आणि वर्षातल्या किती रात्री तळ पूर्ण भरतो? कोणत्या रात्री मोजायचं हेही ठिकाणानुसार बदलतं. जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला बंदी असते. तिथे रविवारचं चित्र मंगळवारपेक्षा अगदी वेगळं असणार. एकाच रात्री जाऊन मोजलं आणि वर्षभराचा निष्कर्ष काढला, तर तो कितपत खरा मानायचा?

आणखी एक गोष्ट. शंभर टक्के भरेपर्यंत सगळं ठीक, असंही नसतं. ५० पैकी ४७ जागा भरल्या असतील तर उरलेल्या तीन अंधारात शोधाव्या लागतात, एखादीत शेजारचा ट्रेलर घुसलेला असतो, एखादीत मागे घेऊन गाडी लावणं दमलेल्या माणसाला जमत नाही. नियोजन करणारे म्हणूनच ८५-९० टक्क्यांनाच तळ जवळजवळ भरला असं धरतात.

गाड्या किती आल्या, यापेक्षा किती वेळ थांबल्या

इथे साध्या गणिताचा एक नियम कामाला येतो. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली तो सिद्ध केला. एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण हजर असतात? तर, तासाला किती येतात गुणिले प्रत्येक जण सरासरी किती तास थांबतो.

दोन तळ घ्या. पहिल्यावर तासाला २० ट्रक येतात आणि अर्धा तास थांबून निघतात. २० गुणिले अर्धा, म्हणजे सरासरी १० ट्रक उभे. दुसऱ्यावर तासाला फक्त ४ ट्रक येतात, पण झोपायला, १० तासांसाठी. ४ गुणिले १०, म्हणजे ४० ट्रक. येणाऱ्या गाड्या पाचपट कमी आणि जागा चौपट जास्त लागते! फाटकावर फक्त येणाऱ्या गाड्या मोजणारा माणूस पहिल्या तळाला "जास्त वापराचा" ठरवेल, आणि जागा वाढवायची वेळ आली की पैसा चुकीच्या ठिकाणी जाईल.

थांबण्याचा काळ कळला की त्याच जमिनीत जास्त गाड्या बसवता येतात, हेही जर्मनीने करून दाखवलंय. ए-३ महामार्गावरच्या मॉन्टाबाउर इथे ट्रक आत येतानाच ड्रायव्हर निघायची वेळ सांगतो. आधी निघणारा पुढे, नंतर निघणारा त्याच्या मागे, अशा रांगा लावल्या जातात. प्रत्येक ट्रकला बाहेर पडायला वेगळी वाट सोडावी लागत नाही आणि तीच जागा आणखी ट्रकना मिळते. इथे "कधी निघणार?" या एका प्रश्नाचं उत्तर जमिनीइतकंच मोलाचं ठरतं.

मोजायचं कशाने?

सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे माणूस. रात्री टॉर्च आणि फॉर्म घेऊन तळावर फिरायचं, उभे ट्रक मोजायचे, रॅम्पवरचे वेगळे लिहायचे. दर तासाला फेरी मारून नंबरप्लेटचे शेवटचे आकडे टिपले, तर कोणता ट्रक किती वेळ थांबला हेही कळतं. मेहनत खूप, खर्च खूप, आणि वर्षात मोजक्याच रात्री हे करता येतं. पण एक ट्रक दोन जागा अडवून उभा आहे, किंवा ट्रकच्या जागेत कोणी मोटार लावलीय, हे डोळ्यांना जसं झटकन दिसतं तसं अजून यंत्राला दिसत नाही.

दुसरी पद्धत फाटकावरच्या मोजणीची. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवर डांबराखाली तारेची वेटोळी पुरतात. वरून धातूचं वाहन गेलं की तारेतल्या विद्युतप्रवाहावर परिणाम होतो आणि एक नोंद पडते. आलेले वजा गेलेले, म्हणजे आत असलेले. स्वस्त, सोपं, आणि तळ मोठा असला तरी फक्त दोन ठिकाणी यंत्रं लागतात.

खोट आहे ती साठत जाणाऱ्या चुकीत. उंच ट्रेलरचा मधला भाग तारेपासून बराच वर असतो, त्यामुळे यंत्राला कधी कधी वाटतं की एक गाडी गेली आणि लगेच दुसरी आली. समजा, दिवसाला ३०० ट्रक येतात आणि प्रवेशावर शंभरातला एक ट्रक असा दोनदा मोजला जातो. म्हणजे ९९ टक्के अचूकता, कोणत्याही जाहिरातीत शोभेल अशी. पण रोज ३ ट्रक असे मोजले जातात जे अस्तित्वातच नाहीत, आणि बाहेर जाणाऱ्या फाटकावर ते कधीच वजा होत नाहीत. दहा दिवसांत ३० भुताचे ट्रक साठतात. ५० जागांच्या तळावर २० ट्रक उभे असताना महामार्गावरची पाटी "जागा नाही" असं दाखवते. यावर उपाय एकच: कोणीतरी नियमाने प्रत्यक्ष पाहून आकडा दुरुस्त करायचा. त्या माणसाचा पगार वाचवला की यंत्रणेवर केलेला खर्च पाण्यात जातो.

तिसरी पद्धत प्रत्येक जागेत संवेदक बसवायची. जमिनीत पुरलेली छोटी चकती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेला बदल ओळखते आणि वर लोखंड आलंय हे सांगते. इथे चूक साठत नाही, कारण प्रत्येक जागा स्वतःपुरतं उत्तर देते. पण ट्रक लांब असतो. चकती नेमकी ट्रेलरच्या उंच, पोकळ भागाखाली आली तर तिला काही जाणवत नाही, म्हणून एका जागेत एकाहून जास्त चकत्या लागतात. आणि आखलेल्या चौकटीबाहेर उभा असलेला ट्रक या यंत्रणेच्या लेखी नसतोच.

कॅमेऱ्यांचा फायदा हा की ते चौकटीबाहेरचंही पाहतात. मात्र एक उंच ट्रक मागच्याला झाकतो, आणि पाऊस, धुकं, हेडलाइटची तिरीप यांत चित्र बिघडतं. नेमकी रात्रीच मोजणी हवी असते आणि नेमकं रात्रीच त्यांना कमी दिसतं.

आणि शेवटची, अलीकडची पद्धत: ट्रकमधल्या जीपीएसच्या नोंदी. कुठलाच खांब, कुठलीच तार न लावता एखाद्या पूर्ण राज्यातले ट्रक रात्री कुठे थांबतात ते नकाशावर दिसतं. रॅम्प, गोदामांमागचे रस्ते, ओसाड आवारं, जिथे संवेदक बसवायचं कोणाच्या मनातही आलं नसतं, ती सगळी ठिकाणं उजेडात येतात. पण या नोंदी सगळ्या ट्रकच्या नसतात. ज्यांच्याकडून माहिती मिळते त्यांच्याच असतात, आणि त्यात मोठ्या कंपन्यांच्या गाड्या जास्त, एकट्या मालकाच्या कमी. एखाद्या तळावर नोंदीत १० ट्रक दिसले तर प्रत्यक्षात किती असतील? त्यासाठी काही रात्री माणसांनी मोजून गुणक ठरवावा लागतो. म्हणजे टॉर्चवाला माणूस इथेही सुटत नाही.

भरलेल्या तळावरून परत गेलेले कोणी मोजले?

या सगळ्या पद्धती, अगदी नीट चालल्या तरी, एका ठिकाणी आंधळ्या असतात. नाट्यगृहाबाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागला की तिकीटविक्रीच्या वहीवरून फक्त खुर्च्यांची संख्या कळते. बोर्ड पाहून किती जण परत गेले, ते वहीत नसतं. १० जण गेले असतील, किंवा ५००. तळ भरला की त्यापुढची मागणी अशीच आकड्यांतून नाहीशी होते. त्यामुळे "हा तळ १०० टक्के भरतो आणि तोही १०० टक्के भरतो, म्हणजे दोन्हीकडे सारखीच गरज" असं म्हणता येत नाही.

ही लपलेली मागणी आडवाटेने शोधावी लागते. संध्याकाळी तळ किती वाजता भरतो, हा त्यातला फार बोलका आकडा आहे. सात वाजताच भरणारा तळ रात्री अकराला भरणाऱ्या तळापेक्षा कितीतरी जास्त ताणाखाली असतो, रात्री दोन वाजता दोन्ही सारखेच दिसत असले तरी. आत शिरून दहा मिनिटांत बाहेर पडलेले ट्रक हा दुसरा धागा, बहुधा जागा न मिळून निघालेले. रॅम्पवरचे आणि आसपासच्या रस्त्यांवरचे ट्रक हा तिसरा.

चौथा धागा थेट ड्रायव्हरच्या घड्याळातून मिळतो. जागा मिळणार नाही या भीतीने बरेच जण तास शिल्लक असतानाच थांबतात. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटने २०१६ साली ड्रायव्हरांनी लिहिलेल्या पार्किंगच्या रोजनिशांवरून हिशेब मांडला, तेव्हा दिवसाला सरासरी ५६ मिनिटं अशी सोडून दिली जातात असं दिसलं. अंतरावर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरची ही रोजची जवळजवळ तासाभराची कमाई आहे. कुठल्याही तळाच्या ऑक्युपन्सीच्या तक्त्यात ती दिसणार नाही.

मग सरळ जागा वाढवा ना, मोजत कशाला बसायचं?

जागा वाढवायलाच हव्यात, त्यात शंका नाही. पण कुठे? अमेरिकेत २०१९च्या सर्वेक्षणात ट्रकसाठी सुमारे ३ लाख १३ हजार जागा मोजल्या गेल्या. त्यांपैकी सरकारी विश्रांतीस्थळांवर जेमतेम ४० हजार, उरलेल्या खासगी थांब्यांवर. बेरीज मोठी दिसते, पण मोकळ्या माळावरची रिकामी जागा शहराच्या तोंडाशी तास संपलेल्या ड्रायव्हरला काहीच कामाची नसते.

शिवाय काही वेळा एक तळ ओसंडत असताना २० किलोमीटरवरच्या दुसऱ्यावर जागा असते, फक्त ड्रायव्हरला ते ठाऊक नसतं. तिथे काँक्रीटआधी माहिती कामाला येते. अमेरिकेच्या मध्य भागातल्या आठ राज्यांनी मिळून जानेवारी २०१९मध्ये अशी यंत्रणा सुरू केली. महामार्गावरच्या पाट्यांवर आणि ॲपवर पुढच्या तळांवर किती जागा शिल्लक आहेत ते दिसतं. त्यातही एक अडचण आहेच. दीड तास लांब असलेल्या ड्रायव्हरला आत्ता १२ जागा आहेत हे कळून पुरत नाही, दीड तासाने किती उरतील हे हवं असतं. त्यासाठी मागच्या कित्येक रात्रींच्या नोंदी लागतात. पाटी दोनदा खोटी निघाली की तिसऱ्यांदा तिच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून अचूकतेचा आग्रह.

ड्रायव्हरने आधीच ठरवून निघावं की!

बरेच जण निघतातही. पण गोदामात माल उतरवायला दोन तास लागतील म्हणून गेलेली गाडी पाच तास अडकली, की पूर्ण दिवसाचं गणित कोसळतं. वाहतूक कोंडी आणि हवामान ड्रायव्हरच्या हातात नसतं. काही खासगी थांब्यांवर पैसे भरून जागा राखून ठेवता येते. पण आपण किती वाजता पोहोचू हे ठाऊक नसलेल्या माणसाने ती कुठे राखायची?

आणि प्रत्येक गाडीवर पाळत ठेवायची?

ही शंका रास्त आहे. कोण कुठे झोपला, किती वाजता उठला, ही माहिती मालकाच्या किंवा चोराच्या हाती पडू नये. तळाच्या मोजणीसाठी ती लागतही नाही. अमुक तासाला अमुक ठिकाणी इतके ट्रक, सरासरी इतके तास, एवढं पुरतं. नंबरप्लेट टिपली तरी थांबण्याचा काळ काढून झाला की ती पुसून टाकता येते. जीपीएसच्या नोंदी देताना कंपनीचं आणि गाडीचं नाव काढलेलं असावं, ही अट मोजणी सुरू व्हायच्या आधीच लिहिलेली हवी.

आजवरची बहुतेक मोजणी महामार्गावरच्या तळांचीच झाली आहे, कारण ते सरकारच्या ताब्यात असतात किंवा नकाशावर असतात. गोदामं, कारखाने, बंदरं यांच्या फाटकांबाहेर वेळेआधी आलेले ट्रक किती तास ताटकळतात, हे मोजायचं काम कोणाचंच नाही. फाटकाच्या आत दहा-वीस ट्रक उभे करायला जागा ठेवा, अशी अट नव्या गोदामांना घालता येईल. पण त्यासाठी आधी कोणाला तरी टॉर्च घेऊन तिथेही जावं लागेल.